सगळ्या ओळींत एकच कप्पा

आपल्या खुर्चीत एक अनोळखी तरुण ऐसपैस बसून आपलेच आकडे चाळतोय, हे पाहून वल्लरीचा पारा चढला.

"अहो, ही माझी जागा आहे."

"मग ही चूकही तुमचीच का?" तो हसला. "मी देवेश. पुण्याहून आलोय, आकडे तपासायला."

चिडावं की लाजावं, तिला कळेना. ९४ साल होतं. पनवेलच्या त्या औषध कंपनीत लागून तिला जेमतेम पाच महिने झाले होते, आणि तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे कमलाकर साहेब शनिवारी ठरवणार होते. त्यात नव्या औषधाची गोळी घेतलेल्या माणसांच्या रक्ताचे आकडे तिनं संगणकात भरल्यापासून भलतंच उत्तर येत होतं. रक्तातलं औषध हळूहळू चढायला हवं. इथं आलेखाची रेघ सुरुवातीलाच शेंड्यावर बसून खाली घसरत होती!

"संगणकाला शरीराचे कप्पे सांगावे लागतात," देवेश म्हणाला. "एक म्हणजे पोट, दोन म्हणजे रक्त. गोळी कुठं जाते?"

"पोटात."

"आणि सुई?"

"दंडात... रक्त काढायला." ती थबकली. प्रत्येक ओळीत तिनं एक नंबरचाच, म्हणजे पोटाचा कप्पा लिहिला होता. "अगं बाई! म्हणजे मी सगळ्यांच्या पोटातच सुई खुपसली?"

तो इतका हसला, की तीही हसली. मग दुपारभर तो ओळी वाचत राहिला, ती आकडे बदलत राहिली. मध्येच तो वाचायचा थांबे. तिनं वर पाहिलं, की घाईनं कागदात डोकं घाली. हे काय चाललंय? तिचे हात उगाचच चुकू लागले.

शनिवारी साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची?"

"माझी," देवेश पटकन म्हणाला. "मी पाठवलेल्या कागदावरच चुकीचे कप्पे होते."

"मग पुढच्या वेळी पुण्याहून दुसरा माणूस मागवतो."

कागद? कसला कागद? वल्लरी गप्प राहिली तर तिची नोकरी वाचत होती. पण मग हा पुन्हा दिसणार नव्हता.

"साहेब, कागद वगैरे काही आलाच नव्हता. चूक माझी आहे."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुला अजून तीन महिने देतो, मग बघू. आणि देवेश, यापुढे हिच्या फायली तूच तपास. खोटं न बोलता!"

फाटकाबाहेर आल्यावर तिनं त्याला गाठलं. "का बोललात तसं?"

"तुम्ही गेला असतात, तर... मी पनवेलला कशासाठी आलो असतो?"

तिचे कान तापले. "मला काही सुचत नाहीये. तुम्ही आवडता, की नुसती कीव आली तुमची... गोंधळ झालाय सगळा."

"मग मी काय करू?"

"खांदा कॉलनीत, माझ्या घरी चला. आईनं विचारलं हे कोण, तर मला काही सांगता येणार नाही," ती चालू लागली. "तुम्हीच सांगा. पण खरं तेच सांगा हं!"