रोहिणीचं माप

मुरूमच्या वीरप्पा आडत्याच्या लेकीनं शाळेचा नवा मास्तर पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तिच्या हातात मिरच्यांनी भरलेलं सूप होतं. ते तिनं त्याच्या डोक्यावर ओतलं नाही, हे त्या माणसाचं नशीबच म्हणायचं.

झालं होतं असं. कार्तिक सरत आला होता, दिवेलागणीची वेळ होती आणि जगदेवी माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होती. घरामागं एक अरुंद बोळ आणि बोळापलीकडं एक परस. इतके दिवस रिकाम्या असलेल्या त्या परसात आज एक चष्मेवाला तरुण स्टुलावर बसला होता. समोर तीन काठ्यांच्या घोडीवर पत्र्याची लांब नळी. नळीच्या एका टोकाला त्याचा डोळा, आणि दुसरं टोक — सरळ जगदेवीवर!

"ओ मास्तर! नळकांड्यातनं काय बघायलाव?"

तो इतका दचकला की चष्माच मांडीवर पडला. "मी? तुमच्याकडं नाही हो... तुमच्या मागं बघायलोय."

"माझ्या मागं काय हाय?"

"शनी."

जगदेवीचं तोंड पाहण्यासारखं झालं. "शनी तुमच्या मागं लागू दे! तिन्हीसांजंचं असं बोलतेत का कुणाला?"

"तसं नाही हो... खरंच शनी. तो बघा, तुमच्या डोक्याच्या जरा वर. पिवळसर. त्याला कडं आहे."

तिनं नाइलाजानं वळून पाहिलं. पूर्वेला खरंच एक पिवळसर ठिपका शांत बसला होता.

"कडं? हातात घालतेत तसं?"

"हातात नाही... कमरेला म्हणा."

"आन् ते तुम्हाला ह्या पत्र्यातनं दिसतं?"

"दिसतं," तो चष्मा पुसत म्हणाला. "तुम्ही मधनं बाजूला झालात तर."

ती बाजूला झाली, पण खाली काही गेली नाही. मिरच्या गोळा करायला त्या दिवशी तिला फारच वेळ लागला.

मास्तरचं नाव सोमलिंग. घर ढोकीकडचं, बाप शेतकरी, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, म्हणजे जगदेवीच्याच लोकांतला. दिवसा तो पोरांना उर्दूतून गणित शिकवायचा आणि रात्री परसात बसून आभाळाचा अभ्यास करायचा. भिंगं सोलापूरच्या एका चष्मेवाल्याकडून मिळवलेली, नळी गावातल्या कल्हईवाल्यानं वळून दिलेली. महायुद्धामुळं घासलेट मिळेना म्हणून गाव हळहळत होतं, आणि हा एकटा माणूस अंधारावर खूश होता.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं बोळापलीकडूनच विचारलं, "तुमचं एक काम होतं... म्हणजे माझं काम, पण तुमच्याशिवाय होण्यासारखं नाही."

"बोला की. मिरच्या पायजेत का?"

"संक्रांतीनंतर दोन दिवसांनी चंद्र रोहिणीला झाकणार आहे. चंद्राची अंधारी बाजू पुढं येते आणि ती चांदणी एकदम जाते. फुंकर मारल्यासारखी. ती नेमकी कोणत्या सेकंदाला गेली ते हैदराबादच्या वेधशाळेतल्या साहेबांना कळवायचंय. त्यांचं पत्र आलंय. वेळ नीट धरली तर मला तिथं गणकाची जागा मिळंल. चुकली तर ती जागा दुसऱ्याला जाईल."

"मग धरा की. आडवलंय कोण?"

"डोळा नळीला लावला की घड्याळ दिसत नाही, आणि घड्याळ बघावं तर तेवढ्यात रोहिणी जाईल. कुणीतरी घड्याळ बघून सेकंद मोठ्यानं मोजायला पाहिजेत. न अडखळता." मग तो नळीकडं बघत हळूच म्हणाला, "दिवसा तुमच्या ओसरीवरनं आवाज येतो. दीडदीडशे पायल्या मोजताव, पण एकदाही चुकत नाही."

"तुम्ही शाळा शिकवायलाव का आमच्या ओसरीला कान लावायलाव?"

"खिडकी त्या बाजूला आहे," सोमलिंग म्हणाला. मग त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. "आणि मी ती बंद करत नाही."

जगदेवी हसली नाही. पदर तोंडात धरला की हसणं दिसत नाही, असं तिला वाटत होतं.

तिच्या मोजण्याचंही एक कारण होतं. वीरप्पाला मुलगा नव्हता. धान्य घरी आलं की मापाडी पायली भरून ओतायचा आणि ओसरीवर बसून आकडा धरायची ती जगदेवी. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन, चार, एका चालीत. आणि एकदा 'लाभ' म्हटलं की मोजणं संपेपर्यंत तिथं कुणी तोंड उघडायचं नाही, नाहीतर धान्याची बरकत जाते. वीरप्पा हे इतकं पाळायचा की एकदा पायावरून विंचू गेला तरी तो हूं की चूं न करता उभा राहिला, आणि रास संपल्यावर ओरडला.

मग सराव सुरू झाला. रोज संध्याकाळी रुमालात बांधलेलं घड्याळ काठीच्या टोकावरून बोळ ओलांडून माळवदावर यायचं. जगदेवीची आत्या गौराबाई सोबतीला वाती वळत बसायची आणि दहाव्या वातीला पेंगायची. जगदेवी मोजायची. पश्चिमेला देवळाच्या शिखराआड एखादा तारा गेला की खालून आवाज यायचा, "गेली!" ती आकडा सांगायची आणि तो लिहून घ्यायचा.

"तारा गेला म्हणतेत. तुम्ही गेली काय म्हणताव?" एकदा तिनं विचारलं.

"रोहिणीसाठी जिभेला सवय लावायलोय."

"लई मनात बसलेली दिसती तुमची रोहिणी."

"तिला बघतो दहा वर्षं झाली," तो म्हणाला. "पण ती एक शब्द बोलत नाही. बोलणारं माणूस... महिन्याभरापूर्वीच भेटलं."

त्या रात्री जगदेवीचे आकडे चुकले. सत्तावीसनंतर एकदम तीस आलं. खालच्या माणसानं ते ऐकलं आणि तो हसला. घड्याळ परत पाठवताना तिनं ते आधी तळहातात घट्ट धरून ऊब दिली. आपण प्रेमात पडलोय, हे तिला तेव्हा कळलं. एवढं सगळं होऊन तिनं त्या नळीतून एकदाही पाहिलं नव्हतं. परक्याच्या परसात तरण्या पोरीनं जायचं कसं?

पौष लागला आणि वीरप्पानं जेवताना बातमी दिली. आळंदचे शरणबसप्पा, तुरीचे मोठे व्यापारी, मुलासाठी तिला बघायला येणार होते. संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी. पसंत पडली की तिथंच सुपारी फोडायची.

जगदेवीनं ते बोळापलीकडं सांगितलं. सोमलिंग कितीतरी वेळ नळीचा स्क्रू पिळत राहिला.

"आज तुमच्या वडलांपुढं जाऊन काय सांगू? हंगामी मास्तर आहे म्हणून? ती जागा मिळाली तर..."

"तर?"

"तर दारात उभा राहीन. हाकललं तरी."

"मग त्या रात्री रोहिणीलाच बघा," जगदेवी म्हणाली. "इकडंतिकडं बघू नगा. आकड्याचं म्या बघते."

ती रात्र निरभ्र निघाली. थंडी होती, आणि चांदणं असं की घड्याळाचा बारीक काटासुद्धा दिव्याशिवाय दिसावा. वीरप्पा पाहुण्यांना आणायला आळंदला गेला होता, उद्या सकाळी येणार होता. गौराबाई वाकळ पांघरून कोपऱ्यात घोरत होती. चंद्राच्या अंधाऱ्या कडेशी रोहिणी तांबूस चमकत होती, अगदी जवळ.

"आठ वाजून नऊ मिनिटं," जगदेवीनं सांगितलं. "धरू का?"

"धरा. आता मी बोलणार नाही."

"लाभ... दोन... तीन... चार..."

मिनिट संपलं की ती मिनिटाचा आकडा सांगायची आणि पुन्हा लाभपासून धरायची. दहावं मिनिट गेलं. अकरावं लागलं. आणि खाली दार वाजलं.

आळंदहून निघणारी लॉरी आजच मिळाली होती. वीरप्पा पाहुण्यांना घेऊन आला होता. वरून पोरीचा आवाज येतोय म्हणून तो जिना चढला, मागोमाग शरणबसप्पाही चढले. बघतात तर काय, उपवर मुलगी चांदण्यात माळवदाच्या काठावर उभी, आणि खाली परसात एक तरुण!

वीरप्पाचा चेहरा लाल झाला. त्यानं तोंड उघडलं —

जगदेवीनं बापाला पाहिलं. मोजणं थांबवलं असतं तर सांगायला हजार बहाणे होते: मिरच्या, मांजर, आत्याचा खोकला. पण आत्ता थांबलं की सगळंच गेलं. ती जागा, ते दारात उभं राहणं, पुढचं सगळं आयुष्य. तिनं नजर घड्याळावर टेकवली.

"आठ बारा," ती ठणठणीत म्हणाली. "लाभ... दोन... तीन..."

वीरप्पाचं तोंड आपोआप मिटलं.

चाळीस वर्षांची सवय होती ती. लाभ म्हटल्यावर बोलायचं नाही. तो रागानं मुठी वळत होता, पण तोंडातून शब्द काढेना. शरणबसप्पा तर त्याच्याहून जुने व्यापारी. त्यांना ठसका आला होता, तो त्यांनी उपरणं तोंडात कोंबून गिळला. दोघं थोर माणसं चांदण्यात खांबासारखी उभी, आणि पोरगी मोजतेय! हळूहळू वीरप्पाचे ओठही हलायला लागले. आकडा कानावर पडला की धरायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"...एकोणचाळीस... चाळीस... एक्केचाळीस..."

"गेली!"

"एक्केचाळीस," जगदेवी म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

"एक्केचाळीसच," वीरप्पा म्हणाला. "म्या बी धरलं व्हतं." मग आपल्याला राग आलाय हे त्याला आठवलं. "जगदेवी! हे काय चाललंय?"

"चांदणीची वेळ धरायलोय, अप्पा. तुम्हाला न सांगता धरली, ही माझी चूक हाय." ती उभी राहिली. आवाज मघासारखाच ठणठणीत होता. "पर मला आळंदला न्हाय जायचं. ह्या मास्तरांशी लगीन करायचंय."

शरणबसप्पांनी उपरणं झटकलं, पोरीकडं पाहिलं, खाली थिजून उभ्या राहिलेल्या मास्तरकडं पाहिलं, आणि खो खो हसायला लागले.

"वीरप्पा, साठ वर्षांत माझं तोंड एवढा वेळ कुणी बंद ठेवलं न्हवतं! ही सून घरात आली तर मला रोज उपाशी मुका बसवंल." त्यांनी वीरप्पाच्या पाठीवर हात ठेवला. "पोरीचं मन तिकडं हाय. ओढूताणून न्हेण्यात राम न्हाय बाबा. मला भूक लागलीया, म्या जेवतो. तू बघ तुझं." आणि ते जिना उतरून गेले.

वीरप्पा कठड्याशी आला. "मास्तर, ती चांदणी गेली कुठं?"

"चं... चंद्रामागं, अण्णा. तासाभरानं पलीकडनं निघंल."

"निघंल त्याची बी वेळ धरायची असती का?"

"धरली तर चांगलंच. पण त्या बाजूला उजेड लई आहे, आणि माझा डोळा पार शिणलाय. आता मला बारीक दिसणार नाही."

वीरप्पानं एकदा जिन्याकडं पाहिलं, एकदा चंद्राकडं. मग त्यानं पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या घासलेटाचा कंदील वर मागवला, लेकीच्या हातातलं घड्याळ घेतलं आणि गौराबाईला हलवून उठवलं.

"आक्का, हिला घेऊन पलीकडं जा. हिचा डोळा तरणा हाय. आकडा म्या धरतो."

जगदेवी बोळ ओलांडून त्या परसात आली, तेव्हा पहिल्यांदा दोघं एकमेकांसमोर हाताच्या अंतरावर उभे राहिले.

"इथं डोळा लावा," तो म्हणाला. "हात लावू नका, हलतं."

तिनं डोळा लावला. "अय्यो शिवने... एवढा मोठा! सगळा खड्ड्याखड्ड्यांचा..." ती कुजबुजली. "दुरून किती गुळगुळीत वाटतो."

"जवळून जास्त चांगला दिसतो," सोमलिंग म्हणाला. तो चंद्राकडं बघत नव्हता. "जगदेवी... जागा मिळाली तर हैदराबादला येशील? आणि न मिळाली तर... ह्या परसात?"

"जागंचं मला काय विचारताव," ती नळीतच बघत म्हणाली. "माणूस विचारा."

"विचारलं."

"मग आले."

तास भरत आला तसा वरून वीरप्पा खाकरला. "वेळ झाली काय?"

"झाली, अण्णा."

"मग गप बसा दोघं. लाभ... दोन..."

दोघं गप्प बसले. गौराबाई स्टुलाशेजारी पुन्हा पेंगायला लागली. जगदेवीच्या खांद्याला त्याची बाही लागत होती. तीही बाजूला झाली नाही आणि तोही. चार-पाच मिनिटं गेली. मग चंद्राच्या उजळ कडेवर एक तांबूस कण उमलला.

"आली!"

"तेवीस," वरून वीरप्पा म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातानं आकडा लिहिला, कागदाची घडी केली, घड्याळ रुमालात बांधलं आणि कठड्याशी येऊन उभा राहिला.

"मास्तर."

"जी, अण्णा?"

"जागा मिळंल, न मिळंल, ते साहेब बघतील. सोमवारी तुमच्या वडलांना घेऊन या. दिवसाउजेडी. पुढच्या दारानं."

सोमलिंगनं नुसतेच हात जोडले, आणि नळीच्या आड जोडलेले ते हात वरून वीरप्पाला दिसतही नव्हते. शेवटी जगदेवीनंच वर पाहून सांगितलं,

"येतेत, अप्पा."