आकडा कुणाचा?

बुधवारी अकरा वाजता कॉलेजच्या समुपदेशन कक्षात सतरंजी अंथरली जाई. पाच विद्यार्थी गोल करून बसत आणि मधोमध मोहरी येऊन बसे. तपकिरी रंगाची, शहाणी गावठी कुत्री. तिच्या गळ्यात गंधपट्टा असे. माणूस ताणात असला की त्याच्या घामाचा वास बदलतो. तो कुत्र्याला कळतो, कुत्र्याची नाडी बदलते आणि त्या नाडीवरून पट्टा जवळच्या माणसाच्या ताणाचा शंभरपैकी आकडा काढतो. समुपदेशक अश्विनी टिपरे यांच्या टॅबवर तो उमटे.

मोहरी रमिला पावराजवळ गेली की आकडा नव्वदीला टेकायचा. धडगावहून धुळ्याला शिकायला आलेली ही मुलगी पाच आठवड्यांत गटात चकार शब्द बोलली नव्हती. तिला सहा महिने घरी पाठवावं, अशी अश्विनींची शिफारस आज प्राचार्यांकडे जायची होती.

आजही गटातला हर्षल मोहरीला कवटाळून रडला. त्याच्या हातून सुटली ती थेट रमिलाच्या मांडीवर. एक्क्याण्णव.

"रमिला, बोल ना गं. किती साठलंय तुझ्यात!" अश्विनी म्हणाल्या.

"मॅडम, तो आकडा माझा नाही. मोहरीचा आहे."

सगळे चमकले.

"झोप आलेली नसताना जांभया देते, बघा. कान पाडते. सगळे तिला धरून रडतात. मी काही मागत नाही, म्हणून माझ्याकडे येते. थकलीये ती."

अश्विनींना पटेना. तरी त्यांनी मोहरीला बाहेर कडुनिंबाखाली नेऊन बांधलं आणि स्वतः लांब उभ्या राहिल्या. आसपास कुणीही नव्हतं, तरी टॅबवर अठ्ठ्याऐंशी! दहा मिनिटांनी कुठे आकडा उतरू लागला. आठवड्याला नऊ गट घेत होती मोहरी. आणि या आकड्यावर विसंबून अश्विनी एका मुलीचं शिक्षण थांबवायला निघाल्या होत्या.

आत येऊन त्यांनी सर्वांसमक्ष शिफारस रद्द केली. "चुकलं माझं, रमिला. पण हे तुला कसं कळलं?"

"होस्टेलवर माझंही असंच होतं. सगळ्या येऊन मला सांगतात, मी ऐकते. मला कुणी विचारत नाही."

हर्षल सरकून तिच्याजवळ बसला. "आता सांग. आम्ही ऐकतो."

रमिला अर्धा तास बोलली. टॅब बंद होता. बाहेर सावलीत मोहरी पाय ताणून गाढ झोपली होती.

"मॅडम, पुढच्या बुधवारी मोहरीला सुट्टी द्या," निघताना हर्षल म्हणाला. मग तो दाराशी थबकला आणि बाकीच्यांकडे वळला. "पण आपण येऊ या ना?"