बावन्न सेकंद

कंपनीची बस हर्सूलजवळ पंक्चर झाली आणि वाळूजच्या गेटवर पोचायला सात वाजून चार मिनिटं झाली. गेट बंद! आता अकरा वाजता उघडणार, आणि अर्ध्या दिवसाची रजा पडणार. बसमधल्या बाकीच्या बायका टपरीमागच्या कोवळ्या उन्हात गपगुमान जाऊन बसल्या. रत्नमाला मात्र गेटचे गज धरून उभी राहिली.

"पुंजारामभाऊ, बस कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, अन् रजा माझी व्हय?"

"मी काय करू ताई... वरून ऑर्डर हाय," वॉचमन बिचारा दुसरीकडं बघू लागला.

मागून कुणीतरी हसलं. रत्नमाला गर्रकन वळली. फाईल छातीशी धरलेला एक उंच पोरगा... नवा कोरा शर्ट, घडीची रेघसुद्धा मोडलेली नाही.

"हसायला काय झालं?"

"नाही – बरोबर बोललात म्हणून हसलो. माझा तर आज पहिलाच दिवस. वैजापूरची गाडी उशिरा आली."

"पहिल्याच दिवशी गेटाबाहेर? लई पुढं जाल तुम्ही!"

तो पुन्हा हसला. दोघांनी टपरीवर चहा घेतला. थंडी बोचत होती, ग्लासातून आल्याची वाफ निघत होती. तो वैजापूरच्या बाजारपेठेतल्या कांद्याच्या गप्पा रंगवून सांगत होता आणि तिला, का कोण जाणे, त्या कांद्याच्या गप्पाही गोड लागत होत्या. तेवढ्यात पुंजारामनं हाक मारली. "साहेब, तुम्ही स्टाफ ना? मग या की! स्टाफला बाजूचा दरवाजा उघडा असतो."

त्यानं तिच्याकडं बघितलं. अर्धा ग्लास फळीवर ठेवला... आणि गेला. जाताना एकदा वळून बघितलं.

'वळून बघायला काय लागतं!' रत्नमालानं उरलेला चहा एका घोटात संपवला.

चौथ्या दिवशी तोच पोरगा हातात स्टॉपवॉच घेऊन तिच्या टेबलाशी उभा राहिला. नाव सुदर्शन निकम, शिकाऊ इंजिनियर. दुचाकीच्या वायरींच्या जुडग्याला सहा प्लग बसवायचे आणि वर टेप गुंडाळायची, हे रत्नमालाचं काम. ते किती सेकंदांत होतं, ते त्याला मोजायचं होतं.

"हात बघायचा पगार मिळतो होय तुम्हाला?" मान वर न करता तिनं विचारलं.

"हातच बघतोय."

"मग मघाशी घड्याळ का थांबलं?"

सुदर्शनचे कान लाल झाले. शेजारच्या सखूबाई तोंडाला पदर लावून खुसुखुसु हसल्या.

तीन आठवडे तो रोज यायचा. तांब्याच्या बारीक तारांनी तिच्या बोटांची टोकं चिरलेली त्यानं पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर रबरी बोटमोज्यांचं पाकीट आलं. कुणी ठेवलं ते त्यानं सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही... पण त्या दिवशी मोजे सावकाश घातले. एकदा त्यानं विचारलं, "तुम्ही कुणीच पाणी का पीत नाही? बाटल्या भरलेल्याच असतात."

रत्नमालाचा हात क्षणभर थांबला. "बाथरूमचा पास एकच आहे, साहेब. पस्तीस बायकांत एक."

 तो वहीत बराच वेळ लिहीत राहिला. त्या दिवशी तिला वाटलं, ह्या माणसाला दिसतं.

आणि शनिवारी सकाळी लाईनवर मोठा बोर्ड लागला – 'नवीन उद्दिष्ट : एक नग, चाळीस सेकंद. अभ्यास : सुदर्शन निकम.'

जेवणाच्या सुट्टीत तिनं त्याला कॅन्टीनच्या दारातच गाठलं.

"चाळीस?"

"मी बावन्न लिहिलं होतं, रत्नमाला. पासचंही लिहिलं होतं. राजकुमार सरांनी आकडा बदलला."

"अन् खाली नाव कुणाचं? माझं?"

"सहा महिने प्रोबेशन आहे माझं..."

"मला सहा वर्षं झाली प्रोबेशनला!" तिचा आवाज चिरकला. "दर सहा महिन्यांनी नवं कॉन्ट्रॅक्ट. तरी आजवर खोटं काही केलं नाय मी."

डोळ्यांत आलेलं पाणी त्याला दिसू नये म्हणून ती ताडताड चालत गेली. रविवारभर तिनं स्वतःला बजावलं – अशा माणसासाठी रडायचं नाय. तरी रडू आलंच.

सोमवारी प्लँट हेड राजकुमार सरांनी सगळ्यांना लाईनीजवळ उभं केलं. "शनिवारी सगळ्यात कमी नग सखूबाईंचे. आठवडाभर ह्यांना पास मिळणार नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवा, म्हणजे लक्षात राहील."

पन्नाशीच्या सखूबाई जमिनीकडं बघत उभ्या. चारदोन टाळ्या वाजल्या, त्याही घाबरून.

रत्नमालानं आपली खुर्ची ओढून सरांसमोर ठेवली. "सर, बसा. एक नग चाळीस सेकंदांत करून दाखवा. मग मी एकटी वाजवते टाळ्या."

 मशीनचा पंखा तेवढा घरघरत होता. सर कसनुसं हसले. "मॅडमना शास्त्र समजावून सांग, सुदर्शन."

सुदर्शन पुढं आला. चेहरा पांढराफटक. खिशातलं मार्कर काढून त्यानं बोर्डावरच्या चाळीसवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं – बावन्न.

"नाव माझं आहे, सर. आकडा माझा नव्हता."

मग सखूबाईंनी जे केलं त्याची चर्चा पुढं कितीतरी दिवस चालली. शांतपणे बाटली उघडून त्या गटागटा पाणी प्यायल्या. मग दुसरी, मग तिसरी... पस्तीसच्या पस्तीस बायका पाणी प्यायल्या आणि पास न घेता, रांगेनं, गप्पा मारत बाथरूमकडं निघाल्या. सर ओरडत राहिले, पण एकीनंही मागं बघितलं नाही. लाईन वीस मिनिटं बंद होती.

त्या आठवड्यात बोर्ड निघाला, पास कचऱ्यात गेला. पस्तीस जणींना एकदम काढायची कुणाची छाती झाली नाही. सुदर्शनला मात्र शुक्रवारी घरी बसवलं.

शिफ्ट सुटल्यावर रत्नमाला त्याला शोधत मोटारसायकलींच्या शेडपर्यंत आली.

"वाईट वाटतंय?"

"त्या दिवशी चहा अर्धा टाकून आत गेलो, त्याचं वाटतंय. नोकरीचं नाही." तो थांबला. "एक सांगायचं होतं... पण आता कुठल्या तोंडानं सांगू? हातात काहीच नाही."

"मग मला नका सांगू. परवा आमच्या गावाला, फुलंब्रीला या. आण्णांना सांगा."

"काय सांगू?"

"खरं ते. नोकरी गेलीय, अन् पोरगी आवडलीय." एवढं बोलून तीच लाजली.

रविवारी तो आला. तिचे वडील बद्रीनाथ आण्णा अद्रकाच्या वावरात पाणी देत होते. सुदर्शननं सगळं सांगितलं. अडखळत, पण खरं. आण्णांनी खोरं बांधावर टेकवलं आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"नोकरी नाय, अन् माझी पोरगी मागायला आला व्हय तू?"

सुदर्शन गोंधळला. रत्नमाला चिखलातून थेट त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या ओढणीचं टोक त्याच्या हाताला लागलं.

"मागायला नाय आला, आण्णा. मी बोलावलंय त्याला."

आण्णांनी एकदा पोरीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. मग त्यांनी खोरं उचलून सुदर्शनच्या हातात दिलं. "पाणी तिकडच्या सऱ्यांत वळव. जेवायला उशीर हाय अजून."

आणि सुदर्शन नव्या कोऱ्या शर्टासकट चिखलात उतरला.