ताऱ्यापुरतं भोक

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण हसू नका. माझ्या सख्ख्या भावाचं डोकं फुटलंय त्यात.

आम्ही दोघंही गवंडी. गेल्या हिवाळ्यात डोंगरातल्या एका ओसाड मठाचं काम घेतलं. ठेकेदाराला तिथे हॉटेल काढायचं होतं.

त्या मठातले संन्यासी तारे पुजायचे. प्रत्येकाची दगडी खोली वेगळी. खिडकी नाहीच. उंच छतात एक तिरकं भोक, जेमतेम वीतभर. त्यातून एकच तारा दिसायचा, आणि तोच त्या माणसाचा देव. माणूस मेला की त्याच खोलीत जमिनीखाली पुरायचे... तोंड वर करून.

“बाकी काही करा, भोकं बुजवू नका,” मठाचा राखणदार आम्हाला म्हणाला होता.

“त्यांना वर देव दिसायचा, आपल्याला ठेकेदार दिसतो,” दादा हसून म्हणाला. दादाला कशाचीच भीती नव्हती.

त्या संध्याकाळी पहिलं भोक बुजवलं. वरून मी सिमेंट भरलं, खालून दादाने थापीने सारखं केलं. मग मी खाली आलो, दादा ज्यावर चढला होता ती बांबूची परांची सोडली आणि बाहेर नेली. दादा आत घमेली गोळा करत होता.

आणि दार लागलं...

मला वाटलं, वारा असेल. पण वारा नव्हताच.

धप्प...

पुन्हा. धप्प...

“दादा, काय ठोकतोयस रे?”

आतून दादा किंचाळला, “मला खाली उतरव!”

खाली?

परांची तर माझ्या पायाशी पडली होती...

 दाराला धडका मारल्या, ते हललं नाही. पहार उचलली आणि बाहेरच्या पायऱ्यांनी छतावर धावलो.

ओलं सिमेंट खालून उचललं जात होतं. प्रत्येक धप्पबरोबर फुगायचं. कडेने रक्त वर येत होतं.

मी कडेकडेने पहार चालवली. चिखल हाताने ओरबाडला. भोक मोकळं झालं...

आत दादाचं कपाळ होतं. कातडी फाटून पांढरं हाड दिसत होतं. त्याला खालून कोणीतरी उचलून धरलं होतं, आणि त्याच्याच डोक्याने भोक फोडत होतं.

मग त्याला सोडून दिलं.

मी खाली पोहोचलो तेव्हा दार उघडं होतं. दादाचे दोन्ही पाय मोडले होते, पण श्वास चालू होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

दादा वाचला. पण घरी आल्यापासून अंधार पडला की खाटेवर बसून भिंतीवर डोकं आपटायचा. टाके उसवायचे. बांधलं तर मनगटं सोलून घ्यायचा. असाच मरेल, हे आम्हाला दिसत होतं.

वहिनीने हात जोडले. शेवटी मीच त्याच्या खाटेवरच्या स्लॅबला वीतभर भोक पाडलं.

त्या रात्रीपासून दादा गाढ झोपतो. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

परवा कळलं, वहिनी आता स्वयंपाकघरात झोपते. मी कारण विचारलं. 

“खाटेवर जागा नसते, भावजी. ह्यांच्या शेजारी कोणीतरी पडलेलं असतं... वर बघत.”