अर्धा खिमा, अर्धं मशरूम

"हा ट्रे तुमचा का?"

मी मान वर केली. चर्चच्या तळघरातली जेवणं आटोपली होती, बायका भांडी विसळत होत्या, आणि एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस माझा ट्रे दोन्ही हातांत धरून समोर उभा होता. ट्रेला चिकटवलेल्या पट्टीवर माझं नाव होतं, मारित. आणि ट्रेमध्ये माझी हॉटडिश होती, एरवी खिमा, क्रीम सूप नि बटाटा एकत्र भाजून करतात ती... जवळजवळ सगळीच्या सगळी!

आमच्या गावात पॉटलकला प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं, आणि परतताना कुणाचा ट्रे रिकामा गेला नि कुणाचा भरलेला, हे सगळ्यांनी न बघितल्यासारखं करून बघायचं. तोंडावर वाईट कुणी बोलत नाही. लुंडक्विस्टबाई चमचाभर खाऊन एवढंच म्हणाल्या होत्या, "वेगळी झालीय हो!" आमच्याकडे 'वेगळी' म्हटलं की समजायचं, घशाखाली उतरली नाही.

"मी दोनदा घेतली," तो म्हणाला.

"आवडली?"

"छे! भयंकर झालीय."

मी बघतच राहिले. मिनेसोटात जन्म काढला, पण असं मला कुणी कधी बोललं नव्हतं.

"मग दुसऱ्यांदा कशाला घेतलीत?"

"चुकलंय कुठं ते कळेना म्हणून. खिमा नाही, क्रीम सूप नाही, बटाटा नाही, मीठ नाही... सगळं एकदमच काढलंत की! उरलं काय? ट्रे?"

मला हसू यायला नको होतं. आलं. आणि हसता हसता डोळ्यांत टचकन पाणीही आलं, त्याचा तर मला भयंकर राग आला.

"माझ्या बाबांसाठी शिकतेय," मी म्हणाले. "हृदयाचं ऑपरेशन झालंय. मी केलेलं ते दोन घास खातात, आणि मग पेट्रोल पंपावर जाऊन सॉसेज खातात. त्यांना वाटतं मला कळत नाही."

ट्रे खाली ठेवून तो म्हणाला, "मी नेल्स. शाळेतला स्वयंपाकी. तीनशे पोरांना रोज कमी मिठाचं, कमी तेलाचं खाऊ घालतो. पोरं काही लुंडक्विस्टबाईंसारखी सभ्य नसतात, आवडलं नाही तर ताट सरळ कचऱ्यात उलटं करतात. त्यांनीच शिकवलंय मला. गुरुवारी येऊ?"

ते मार्चचे दिवस होते. तळ्यावर अजून बर्फ होतं. मिनिआपोलिसला मी डोळे तपासायची नोकरी करत होते, तिथून तीन महिन्यांची रजा काढून आले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मे महिन्याच्या तपासणीत सुधारणा दिसली नाही, तर बाबांना, म्हणजे ऑर्विलना, एकट्यानं घरी राहता येणार नाही. तळ्याकाठचं घर विकायचं आणि वृद्धांच्या निवासात खोली घ्यायची. ते ऐकून बाबा नुसते खिडकीतून तळ्याकडे बघत बसले होते.

गुरुवारी नेल्स आला, तो मशरूमची भलीमोठी पिशवी घेऊनच.

"खिमा काढायचा नाही," तो म्हणाला. "अर्धाच घ्यायचा. बाकीचं अर्धं मशरूम, अगदी बारीक चिरून. तवा चांगला तापू दे. ढवळू नकोस... अगं, ढवळू नकोस म्हटलं ना!"

"जळेल!" त्यानं काढून घेतलेलं उलथणं मी त्याच्या हातावरूनच धरलं.

"लाल होईल. घाई कशाची आहे तुला?"

"मला कुठं घाई आहे?"

"मग माझ्या हातावरचा हात काढ. म्हणजे... नाही काढलास तरी चालेल."

मी काढला. पण जरा सावकाशच काढला.

डब्यातल्या सूपऐवजी त्यानं साय काढलेल्या दुधात पीठ शिजवलं. कांदा इतका वेळ परतला की साखरेसारखा गोड झाला. मीठ चिमूटभर, त्याच्या जागी मोहरीची चटणी नि व्हिनेगरचे चार थेंब. आणि वर बटाटा! खरा बटाटा, किसून, पातळ पसरून, न तळता भट्टीत खरपूस भाजलेला.

बाबांनी पहिला घास घेतला. आम्ही दोघं श्वास रोखून उभे.

"हं," बाबा म्हणाले. मग दुसरा घास. मग तिसरा. मग म्हणाले, "उभे काय राहिलात बावळटासारखे? बसा जेवायला!"

त्यानंतर एकही गुरुवार चुकला नाही. रानतांदळाचं सूप झालं, भाजलेला मासा झाला, सफरचंदाचा निम्म्या साखरेचा केक झाला. बाबा पंपावर जायचे थांबले. नेल्स कांदा चिरताना गुणगुणायचा, आणि मी गाजरं किसता किसता त्याच्याकडे बघायची.

"काय बघतेस?"

"डोळे. व्यवसायच आहे माझा."

"मग? काय निदान?"

"डावा जरा लबाड आहे."

"आणि उजवा?"

"उजवा... त्याहून लबाड."

असं सगळं छान चाललं होतं, आणि मला आतून भीती वाटत होती. कारण हिशोब साधा होता. बाबा जितके बरे, तितकी मी लवकर परत जाणार. त्यांचा रंग सुधारला की मला आनंद व्हायचा, आणि त्याच क्षणी मी कॅलेंडरकडे बघायची. बाप बरा होतोय म्हणून पोरीनं असं कासावीस व्हावं? लाज वाटायची स्वतःची.

मंगळवार माझा बाजाराचा दिवस. मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी लवकर परतले. स्वयंपाकघरातून मशरूम परतल्याचा वास येत होता. दारातून डोकावले, तर ओट्यापाशी बाबा! कमरेला एप्रन, हातात सुरी. आई गेल्यापासून या माणसानं चहासुद्धा स्वतः केला नव्हता. आणि नेल्स खुर्चीवर हाताची घडी घालून बसलेला.

"ढवळू नका ऑर्विल!"

"कळतंय रे मला! सात आठवडे तेच सांगतोयस."

सात आठवडे! मी पाय न वाजवता मागे फिरले आणि गाडीत जाऊन बसले. मला न सांगता... म्हणजे मला इथून घालवायची घाई याला? मी इतकी रडले की नाक लाल झालं.

शुक्रवारी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद बघितले, बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, "काय ऑर्विल, घरीच राहायचं ना?" बाबांनी रुमाल काढून नाक शिंकरलं, बराच वेळ.

घरी आलो तेव्हा नेल्स मांड्यांपर्यंत पाण्यात उभा होता. थंडीत काढून ठेवलेला, होडी लावायचा लाकडी धक्का दर वर्षी बर्फ वितळलं की पुन्हा तळ्यात बसवावा लागतो, ते काम बाबांना झेपणारं नव्हतं. एक जड खांब त्यानं दोन्ही हातांनी तोलून धरला होता. बाबा ओसरीवर बसले. मी काठावर गेले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"घर सुटत नाही."

"वा!" तो हसला. मग उगाच पाण्यात बघत राहिला.

"तू शिकवलंस त्यांना. दर मंगळवारी. मी जावं म्हणून?"

"हो," तो म्हणाला. "म्हणजे... तुला जाता यावं म्हणून. बाबा आजारी असते तर तू राहिलीच असतीस, मारित. दर गुरुवारी माझ्या शेजारी उभी राहून गाजरं किसली असतीस, आणि मला जन्मभर कळलं नसतं की तू कुणासाठी थांबलीस. तसं नको होतं मला. फार आवडतेस तू मला. म्हणून नको होतं."

मी बुटांसकट पाण्यात उतरले. बाई गं, काय ते गार पाणी!

"मारित! बूट!"

"असू देत. ऐक. बाबा हातानं करून खातात. रजा संपलीय. या गावात राहायला मला आता एकही कारण उरलेलं नाही."

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला.

"आणि तरी मला जायचं नाहीये."

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं आणि हातातला खांब कलला. ओसरीवरून बाबा ओरडले, "अरे, खांब नीट धर! सोडू नकोस!"

नेल्सनं खांब सोडला.