बारा-तेराचा पाना

"माझा एका माणसावर संशय आहे," समोर बसलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले.

"कुणावर?" कारखानीसबाईंनी विचारलं.

"माझ्यावरच."

बाईंच्या मदतनिसाने, महेंद्रने, वहीतून मान वर केली. खोपटच्या एसटी डेपोमागच्या या पहिल्या मजल्यावरच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात चार वर्षांत नाना तऱ्हेची माणसं आली होती. कुणाचा नवऱ्यावर संशय, कुणाचा जावयावर. पण फी देऊन स्वतःचाच गुन्हा सिद्ध करून मागणारा हा पहिलाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं. ते त्याने मनातच ठेवलं, कारण त्याला वाटलेलं सहसा चूक निघत असे.

सहदेव परब, वय एकाहत्तर. चौतीस वर्षं याच डेपोत मेकॅनिक, आता राहायला कल्याणला. त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, तो अर्धा काठाबाहेर. महेंद्रने तो वेळीच पकडला. दुःखात माणसाचं लक्ष नसतं, असं त्याने मनाशी म्हटलं.

"माझी एक्क्याण्णवची पद्मिनी गाडी आहे," सहदेवराव सांगू लागले. "दर दसऱ्याला तिच्यातून विठ्ठलवाडीला बहिणीकडे सोनं द्यायला जातो. यंदा नात पायल पुढे बसणार म्हणून हटून बसलेली. अष्टमीला मी गाडीचं सगळं काम घरीच केलं. ऑइल बदललं, प्लग साफ केले. इंजिनापासून बॉडीला जाते ती अर्थिंगची पट्टी सोडून घासली, परत आवळली. पुढची काच तीनदा धुतली, तरी मेली धुरकटच. नवमीला हत्यारं डिझेलने धुतली, पाटावर मांडली, पूजा केली. एकदा पूजली की दसरा होईस्तोवर हत्याराला हात लावायचा नाही. आमच्या डेपोत साहेबसुद्धा लावत नसे."

"आणि दसऱ्याला?"

"सकाळी विमलच्या, माझ्या बायकोच्या, छातीत कळ आली. मी खाली धावलो. गाडीला झेंडूचा हार घातलेला. चावी फिरवली तर नुसतं कट्! दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, इंजिन फिरत नाही. मी पुन्हा पुन्हा चावी मारत बसलो. सणाची सकाळ, रिक्षा मिळेना. चाळीस मिनिटं गेली हो. ती वाचली, पण डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर हृदय एवढं कमजोर झालं नसतं."

महेंद्रने ते वहीत टिपून घेतलं. सहदेवराव पुढे सांगू लागले.

"चार दिवसांनी गॅरेजवाल्या जगनने बघितलं. पट्टीचा नट बोटाने फिरत होता, म्हणून स्टार्टरला करंटच मिळेना. म्हणजे मी आवळायलाच विसरलो. मला तर आवळल्याचं आठवतंय. बाई, माझं डोकं कामातून गेलं असेल तर मी गावी जाऊन एकटा राहीन. तिच्या औषधांना मी हात लावायच्या लायकीचा नाही. मी विसरलो का, एवढंच सांगा."

दुसऱ्या दिवशी बाई आणि महेंद्र कल्याणला गेले. गाडी इमारतीखाली उभी होती. सुकलेला हार तसाच, डाव्या बाजूला मागपर्यंत ओरखडा, डावा आरसा तारेने बांधलेला. "कुणी रिक्षावाल्याने घासली," सहदेवराव म्हणाले. महेंद्रने पुढच्या काचेत बघून केस सारखे केले. आरसा झक मारेल इतकी काच लख्ख होती.

जगन तिथेच आला. "मॅडम, मला ही गाडी पाहिजे होती, झूठ कशाला बोलू? इंजिन एक नंबर आहे. पण नवमीच्या आधीपासून मी मुरबाडला गेलेलो. आलो तेव्हा बघितलं. मी नट टाईट करत होतो, तर काका बोलले, राहू दे, रविवारी भंगारवाला नेणार आहे."

महेंद्रचा संशय मात्र जगनवर पक्का बसला.

वर घरात मुलगा सर्वेश तणतणत होता. "मीच बोललेलो बाबांना, गाडी काढा. मला नवीन गाडीला जागा पाहिजे होती. त्या दिवशी रागात बोललो, तुमच्या विसराळूपणाने आई गेली असती म्हणून. पण मी आईच्या जिवावर उठेन का?"

"हत्यारं कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"दसऱ्याच्या गडबडीत माझ्या बायकोने पाटावरून तशीच फडक्यात बांधून ठेवली. बाबांनी त्यानंतर हातसुद्धा लावलेला नाही."

"जरा आणा. आणि त्या पट्टीच्या नटाला लागतो तो बारा-तेराचा पाना मला काढून द्या."

सर्वेशने गाठोडं सोडलं, चाचपडून एक वस्तू पुढे केली. "हा ना?"

"अरे, ती पक्कड आहे!" आतल्या खोलीतल्या पलंगावरून विमलाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "मानेवर ओरखडा आहे ना, तो बारा-तेरा."

कारखानीसबाईंनी तो पाना उचलून खिडकीशी नेला. बराच वेळ पाहत राहिल्या. मग बाकीचे पाने एकेक करून पाहिले. मग खुर्ची उचलून विमलाबाईंच्या पलंगाशी ठेवली आणि सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"सहदेवराव, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तुम्ही विसरला नाहीत."

म्हाताऱ्याने पलंगाची कड घट्ट धरली.

"पूजेआधी तुम्ही सगळी हत्यारं धुतली होती. बघा, प्रत्येक पान्यावर हळदकुंकवाचं एकेक बोट, खाली स्वच्छ लोखंड. फक्त यावर कुंकू फरफटलंय आणि त्यावर काळं ऑइल आहे. म्हणजे पूजा झाल्यावर हा वापरला गेला. तुम्ही तर पूजलेल्या हत्याराला हात लावणार नाही."

"जगन!" महेंद्रच्या तोंडून निघून गेलं.

"जगनकडे त्याचे पाने आहेत, महेंद्र. तो दुसऱ्याच्या देवघरातून कशाला नेईल? आणि सर्वेशना पाना आणि पक्कड यातला फरक कळत नाही. आता नीट बघा. या काळ्या ऑइलच्याही वर पुन्हा एकदा हळदकुंकू लावलंय. अक्षता चिकटल्यात. काम झाल्यावर कुणीतरी या पान्याची क्षमा मागितली. या घरात पाना नंबराने ओळखणारं आणि लोखंडाची माफी मागणारं माणूस एकच आहे."

विमलाबाईंनी डोळे मिटले.

"चाळीस वर्षं ह्यांना पाने देत आलेय," त्या म्हणाल्या. "कुठला नट सोडला की गाडी जागची हलत नाही, एवढं येतं मला. नवमीच्या दुपारी हे झोपले होते."

"पण का, विमल?"

उत्तर कारखानीसबाईंनी दिलं. "तुम्ही तीनदा धुतलेली काच मी पाहिली, सहदेवराव. ती लख्ख आहे. धुरकट तुमचे डोळे झालेत. तो ओरखडा कुणा रिक्षावाल्याचा नसावा. काल कपसुद्धा तुम्ही टेबलाबाहेर ठेवलात."

"मागच्या महिन्यात पत्रीपुलाजवळ एक बाई रस्ता ओलांडत होती," विमलाबाई म्हणाल्या. "मी ओरडले म्हणून वाचली. तुम्ही मला विचारलंत, कुठली बाई? त्यात पायलला पुढे बसवणार होतात. मला वाटलं, सणाचा एक दिवस गाडी बंद राहील, मग सावकाश समजावीन. कळ माझ्याच छातीत येईल हे कुणाला ठाऊक? घरी आले तर तुम्ही स्वतःला दोष देत बसलेले. मग तोंडच उघडेना."

"मला आधी सांगायचं होतंस."

"तीनदा सांगितलं. दर वेळी तुम्ही खाली जाऊन काच पुसून आलात."

सर्वेशने तोंड फिरवलं. महेंद्रलाही कुठे बघावं कळेना. गुन्हेगार सापडला की त्याला बरं वाटे. आज त्याने वही मिटून खिशात घातली.

सहदेवरावांनी पाना हातात घेतला. दोन्ही थरांवरून अंगठा फिरवला.

"एवढी वर्षं संसार माझ्याशी केलास," ते म्हणाले, "आणि माफी मागितलीस ती पान्याची?"

"पाना उलट बोलत नाही," विमलाबाई म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

पाना घेऊन ते उठून खाली गेले. पाठोपाठ निघालेल्या सर्वेशला बाईंनी हातानेच थांबवलं. पाच-सात मिनिटं काहीच ऐकू आलं नाही. मग एका चावीत इंजिन सुरू झालं. विमलाबाईंचं रडणं थांबलं, त्या ऐकत राहिल्या. थोड्या वेळाने आवाज बंद झाला.

जिन्यात पावलं वाजली, एकेक पायरी चाचपत येणारी. आजवर ती कुणी नीट ऐकलीच नव्हती. सहदेवराव आत आले, पलंगाची कड हाताने शोधली आणि गाडीची किल्ली विमलाबाईंच्या उशाखाली सरकवली.

"तुझी दुपारची गोळी कुठली?" त्यांनी विचारलं. "रंग सांग. मी देतो."