सोनूबाईंचं जाळं

डोळे मिटा, बाळांनो. तुम्ही एका लहान होडीत बसला आहात, असं समजा. समोर रेवदंड्याची खाडी समुद्राला मिळते आहे. काल वाऱ्याने सोनूबाईंचं नवं जाळं खुंटावरून सुटून वाहून गेलं. ते हरवलं तर घराचा सारा हंगाम बुडाला! म्हणून त्यांची बारा वर्षांची नात प्राप्ती ते शोधायला निघाली आहे. सोबत शेजारचे जीवनकाका आहेत. काका नौदलात होते. युद्ध नव्हतं, तरी जळत्या जहाजातून सात खलाशांना बाहेर काढलं म्हणून त्यांना शौर्याचं पदक मिळालं होतं.

जाळं सापडलं! प्राप्तीने त्याचा दोर होडीच्या मागच्या टोकाला बांधला. काकांनी हँडल फिरवून इंजिन सुरू केलं, पण मोठ्या जहाजांच्या सवयीने होडी एकदम मागे घेतली. खर्रर्र! जाळं होडीखालच्या पंख्यात गुंतलं. इंजिन बंद!

ओहोटी लागली होती. काकांनी नांगर टाकला, तोही घसरू लागला. पाण्याने फुगलेलं जाळं होडीला ओढत होतं, थेट कोर्लईच्या खडकांकडे! फोनला रेंज नव्हती. ओरडून ओरडून दोघांचे घसे बसले.

काकांनी सुरी काढली.

"न्हाय काका!" प्राप्ती दोरावर आडवी पडली. "दुसऱ्याच्या जाळ्याला सुरी लावत न्हाईत. आजी काय म्हनंल?"

कोळीवाड्याची ही रीत काकांनाही ठाऊक होती. जाळं कापायचं ते घरच्याच माणसाने. त्यांचा हात थांबला.

"काका, पदक मिळालं तवा भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की! पण तेव्हा करायला काहीतरी होतं. आज मी नुसता बसलोय, पोरी. चूक माझी, जाळं तुमचं." त्यांनी सुरी फळीवर ठेवली. "घरचं माणूस इथं तूच हायस."

खडकांवरचा फेस आता स्पष्ट दिसत होता.

प्राप्ती उठली. तिने डिझेलचा रिकामा कॅन घेतला, बूच घट्ट लावलं आणि तो जाळ्याला बांधला. तरंगता कॅन दिसला, तर जाळं पुन्हा सापडेल! मग तिने सुरी उचलली. आधी दोर कापला, मग वाकून पंख्याजवळचं जाळं. कच्! कच्! कच्!

होडीला हिसका बसला. नांगर रुतला! खडक वीस हातांवर राहिले.

पंख्यात जाळ्याचे तुकडे अजून अडकलेले होते, म्हणून आता भरती लागेपर्यंत बसून राहायचं होतं. डुलत डुलत दूर जाणाऱ्या कॅनकडे प्राप्ती बघत राहिली. तिने डोळे पुसले, डबा उघडला, भाकरी मोडली आणि मोठा तुकडा काकांना दिला.

मग इंजिनाचं हँडल उचललं, आणि हळूच आपल्या मांडीखाली ठेवून दिलं.